तपासणीत संपलेले जर्दाळू

५ फेब्रुवारी

विसराळू भिंगरीस,

आठवण करून देते, मी तुझी आजी. तुझ्या बापाची आई. उंचीने बेताची, तोंडाने नाही. सुट्टीला आली होतीस तेव्हा माझ्याच अंथरुणात, माझंच पांघरूण ओढून झोपलीस, म्हणून वाटलं ओळख पटेल. जाताना तू दातांचा ब्रश विसरलीस, चष्म्याचं घर विसरलीस, तपकिरी शाल विसरलीस आणि गाडी सुटल्यावर बहुतेक मलाही. महिना उलटून गेला, एक ओळ नाही. सुके जर्दाळू पाठवते म्हणाली होतीस. पोस्टमन आता मला खिडकीत बघून जिना चढायच्या आधीच मान हलवतो.

पत्र नेहमीप्रमाणे तळमजल्यावरचे घड्याळजी लिहितायत. घड्याळदुरुस्तीचं दुकान मुलाला दिल्यापासून त्यांना वेळच वेळ आहे. सांगते तसंच लिहा म्हणून बजावलंय, कारण मागे तुझ्या बापाला मी 'गाढवा' म्हटलं आणि यांनी 'चिरंजीव' लिहिलं. (तिथे तेच शोभलं. — लिहिणारा) आता काय लिहिलंत हो? मी तर गप्प होते. बघ, असं चालतं. मला अक्षर येत नाही याचा हा फायदा घेतात.

वरच्या मजल्यावरच्या गाणंबाईने काल पत्ते खेळताना विचारलं, "नात तुरुंगात असते म्हणे?" मी म्हटलं, असते, पण संध्याकाळी सोडतात. औषध देते हे मला सांगता येतं. पण ते संशोधन का काय, ते आलं की मी पत्त्यांत डोकं घालते. तेव्हा मला डावाच्या मधे सांगता येईल इतक्या सोप्या शब्दांत लिही.

इकडे थंडी सरत नाही. तुझी शाल उपयोगी पडतेय. नवा साबण मेला वाईट निघाला, बोटांना चावतो.

तुझी, आठवत असेल तर,
आजी


१६ फेब्रुवारी

रागीट आजीस,

चुकले, चुकले, चुकले. तीनदा लिहिलंय, घड्याळजींना तिन्ही वाचायला लाव.

तुरुंग नाही ग, स्थानबद्धता केंद्र. ज्यांचे कागद अपुरे आहेत त्यांना निकाल लागेपर्यंत ठेवतात. आमची मदतसंस्था आत दवाखाना चालवते. आता डावाच्या मधे सांगायचं ते ऐक. बायकांच्या दोन्ही बराकींत खरूज आहे. जिला खाज सुटते ती येते, मलम घेते आणि परत त्याच शेजारणीला चिकटून झोपते. शेजारणीलाही झालेली असते, पण ती सांगत नाही. मग पहिलीला पुन्हा होते. म्हणून आता पहिल्या बराकीत जुनी पद्धत चालू ठेवलीय, आणि दुसरीत उद्या सगळ्यांना एकाच दिवशी मलम लावायचं, पांघरुणं-कपडे उकळत्या पाण्यात धुवायचे, आठवड्याने सगळं पुन्हा. मग दोन्हीकडे मोजायचं. झालं संशोधन.

शेजारीण का सांगत नाही, हेही आम्ही विचारतो. इथे नियम आहे, ज्याला खाज त्याची भेट बंद. दोन महिन्यांतून एकदा, दुसऱ्या रविवारी, घरची माणसं भेटायला येतात. दुसऱ्या बराकीत खिडकीपाशी एका म्हातारीची खाट आहे, तिला सगळे खिडकीवाली आजी म्हणतात. परवाच्या रविवारी तिची नात लांबून बस बदलत आली आणि फाटकावरून परत गेली, कारण आदल्या दिवशी आजींच्या मनगटावर पुरळ दिसलं. नात आता कामासाठी परदेशी चाललीय. एप्रिलची भेट हुकली तर मग कधी, ते कुणालाच माहीत नाही. मला ही एप्रिलची भेट घडवायचीच आहे.

खिडकीवाली आजी अगदी गोड आहे. तोंडात एकही दात नाही, पण हसते मात्र सगळं तोंड भरून. मी तिच्या खाटेवर बसून तुझ्याच गोष्टी सांगते. जर्दाळू घेतलेत, पाठवते.

तुझी भिंगरी


२४ फेब्रुवारी

इतरांच्या नातीस,

दाराची कडी आतून आहे की बाहेरून? बाहेरून असेल तर त्याला तुरुंग म्हणतात. एवढं शिकलीस तरी हे मलाच सांगावं लागतं.

आणि हे कसलं संशोधन? एका खोलीला बरं करायचं आणि दुसरीला खाजवत ठेवून मोजत बसायचं? तुझ्या बापाला आणि आत्याला एकदम ताप आला असता आणि मी एकालाच औषध पाजलं असतं, तर दुसऱ्याने मला आयुष्यभर ऐकवलं असतं. पाजलं दोघांनाही, तरी ऐकवतातच.

आता ही खिडकीवाली आजी कोण? नाही, मी काही म्हणत नाही. म्हातारी माणसं जगात असायचीच. पण 'अगदी गोड'? मला कधी गोड म्हटल्याचं आठवत नाही. महिन्यातून एक पत्र मला, आणि रोज तिच्या खाटेवर बैठक! बिनदाताचं हसणं काय कौतुकाचं? माझे सगळे शाबूत आहेत, म्हणून मी जपून हसते.

इथली बातमी अशी, की गाणंबाईचं मांजर पिसवांनी भरलंय. घड्याळजी सारखे हात खाजवतायत, अक्षर नाचत असेल तर त्यामुळे. (क्षमस्व. — लिहिणारा) मी गाणंबाईला सरळ सांगितलं, मांजर धू नाहीतर घराबाहेर काढ. ती म्हणाली, मांजर तिच्यापेक्षा स्वच्छ आहे. यावर मी काही बोलले नाही, फक्त "हो, ते दिसतंच" इतकंच म्हटलं. तेव्हापासून ती जिन्यात माझ्याशी बोलत नाही, गाऊन दाखवते.

मला काही होत नाहीये. मी ठणठणीत आहे.

जर्दाळू आले नाहीत.

आजी (मूळची)


१२ मार्च

आजी,

आधी तुझ्या भांडणाचं उत्तर. औषध दोन्ही बराकींना मिळतं ग. फरक पद्धतीचा. नवी पद्धत सरस ठरली की लगेच पहिल्या बराकीलाही तीच.

ठरली असती, असं म्हणायला हवं. सुरुवातीला दुसरी बराक इतकी छान सुधारली की मी वहीवर फुलं काढली. आणि गेल्या आठवड्यात पुन्हा पुरळ. तेही एका कोपऱ्यातून पसरलेलं नाही, खाटेगणिक शिंपडल्यासारखं. अधीक्षकसाहेब म्हणाले, "डॉक्टर, तुमचा प्रयोग फसला." तीस तारखेला बैठक आहे. तिथे ठरणार की खाज दिसली की वेगळी खोली आणि भेट बंद, हीच पद्धत कायमची. म्हणजे एप्रिलची भेट गेलीच.

मला वाटलं, कुणीतरी मलम लावल्याचं खोटं सांगितलं. खिडकीवाल्या आजीच्या हातावर पुन्हा दिसलं, तेव्हा मी तिला जरा कडक आवाजात विचारलं, "खरं सांगा, लावलं होतंत की नाही?" तिने माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे तोंड केलं आणि झोपली. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

जर्दाळूंचं खरं सांगते. तुझ्यासाठी घेतलेले तिला द्यायला नेले. तुला राग येणार, माहीत होतं. पण तिलाही मिळाले नाहीत. बाहेरून आणलेलं खाणं फक्त घरच्या माणसांनीच भेटीच्या वेळी द्यायचं असतं, म्हणून पहारेकरणीने पुडी तपासायला घेतली. संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "तपासणीत संपले."

दिवसभर हात धुऊन धुऊन बोटांची सालं निघालीत. तुझ्या साबणासारखाच इथलाही साबण. थकलेय ग.

भिंगरी


१७ मार्च

भिंगरे,

रागवायचं राहून गेलं. तुझं पत्र थकलेलं होतं, थकलेल्याशी भांडण्यात मजा नाही. जर्दाळूंचा हिशेब नंतर.

एक गोष्ट सांगते. हे लिहा हो, आणि गोड करू नका. मागच्या पत्रात मी ठणठणीत आहे म्हटलं, ती थाप होती. मला साबण चावत नाही. बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला अशी खाज सुटते की देवाचं नाव घेताना मधेच दुसरंच तोंडात येतं. दुपारी पत्ते खेळताना एका हाताने पत्ते धरते आणि दुसरा हात मांडीखाली दाबून बसते. का सांगितलं नाही? गाणंबाईला कळलं तर डावाला बसू देणार नाही म्हणून. मांजराचं नाव घेतलं की माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मांजर बिचारं बोलत नाही, हे सोयीचं पडलं.

तेव्हा त्या म्हातारीला कडक आवाजात विचारू नकोस. दुपारच्या पत्त्यांसाठी मी इतकी लपवाछपवी केली. तिची तर नात यायची होती.

आता मला सांग, मांजर बाहेर काढून आठवडा झाला, तरी मला आणि घड्याळजींना खाज का? बाकी घरांत कुणालाच नाही. मी वापरते ते सगळं धुऊन झालं, साबण बदलला. एवढी शिकलेली नात कशाला असते माणसाला?

आजी


२१ मार्च

आजी, हे तातडीने वाच.

मांजर निर्दोष आहे. त्याला आत घे.

तुझं पत्र मी दवाखान्यात उभ्याने वाचलं. बोटांची बेचकी, मनगट, कमर. वाचता वाचता मी माझं मनगट खाजवत होते. मग बाही वर केली, दिव्याखाली हात धरला, आणि जे रोज बराकीत बघते तेच माझ्या हातावर दिसलं. साबण कसला! दुसऱ्याच्या अंगावर असतं तर दारातून ओळखलं असतं. सुट्टीत तुझ्या पांघरुणात झोपले, तेव्हाच ही खरूज तुला देऊन आले. लक्षणं यायला महिनाभर लागतो, म्हणून तुला कळलं नाही. आणि बराकीत खाटेगणिक शिंपडलेलं पुरळ? रोज त्या प्रत्येक खाटेवर कोण बसतं? मी.

आता करायचं ते. सोबत मलम पाठवतेय. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखालीसुद्धा, रात्रभर ठेवायचं. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी, आठवड्याने पुन्हा. पांघरुणं, कपडे, ती शालसुद्धा उकळत्या पाण्यात.

एक प्रश्न मात्र अभ्यासाच्या दृष्टीने विचारते. हा रोग दारातून नमस्कार केल्याने होत नाही. बराच वेळ अगदी जवळ बसावं लागतं, बहुधा एकाच पांघरुणात. तुला माझ्यामुळे झाला. घड्याळजींना कसा झाला?

भिंगरी


२६ मार्च

चोंबडे नाती,

संशोधन कर म्हटलं होतं, चौकशी नाही.

घड्याळजींनी तुझं पत्र वाचायला घेतलं. 'नखांखालीसुद्धा' इथपर्यंत आवाज खणखणीत. मग खोकले. मग म्हणाले, "पुढे हवापाण्याचं आहे." माझी नात हवापाण्याचं कधी लिहीत नाही. मी पत्र त्यांच्या हातून घेतलं आणि तरातरा वर गाणंबाईकडे गेले. तिच्याशी बोलणं बंद आहे हे दार उघडल्यावर आठवलं. तिने चष्मा लावला आणि वाचलं. तिचा आवाज तुला माहीत आहे, भिंतीपलीकडे पोचायची सवय लागलेली. 'घड्याळजींना कसा झाला' हे तिने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा तर आलापासकट. जिन्यातली सगळी दारं उघडली.

तर लिहून घे तुझ्या अभ्यासात. पत्र लिहायला बसलं की लिहिणाऱ्याचे गुडघे गारठतात, सांगणारीचे पाय गारठतात, आणि शाल एकच असते. पत्र लांबतं, कारण तू उत्तर देत नाहीस आणि माझं बोलणं साचतं. म्हणजे दोष फिरून तुझाच. (थंडी होती. — लिहिणारा) काय लिहिलंत? दाखवा. नको, गाणंबाईकडूनच वाचून घेईन.

मलम लावलं. सगळ्या जिन्याने लावलं. गाणंबाई म्हणाली, आम्हाला काही नाही, पण आता सगळेच लावताय तर आम्हीही. त्या रात्री जिन्यात कुणी कठड्याला हात लावला की हात सुटत नव्हता. शाल उकळली, ती आता बाहुलीच्या मापाची झालीय. मांजराला माझ्या वाट्याचं दूध दिलं आणि "चुकलं हो" म्हटलं. त्याने दूध प्यायलं आणि माफी मात्र शिल्लक ठेवली.

तू त्या म्हातारीकडे गेलीस का? आधी माफी माग, मग मलम. त्या बैठकीत काय होतं, तेही कळव. इकडे सगळा जिना वाट बघतोय. गाणंबाईने तर सकाळचा रियाझ उशिरा ठेवलाय, पोस्टमनची हाक ऐकू यावी म्हणून.

आजी


२ एप्रिल

लाडक्या आजीस, आणि समस्त जिन्यास,

बैठक झाली. साहेबांनी फाईल उघडली आणि म्हणाले, "प्रयोग फसल्याचं लिहू या." मी उभी राहिले आणि दोन्ही बाह्या वर केल्या. म्हटलं, "साहेब, मलम सगळ्या बायकांना लावलं. आमच्यापैकी एकालाही नाही. डॉक्टर, पहारेकरी, स्वयंपाकी, कुणाचंच नाव यादीत घेतलं नव्हतं. आम्हालाही होऊ शकते, हे आम्हाला सुचलंच नाही. मी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर खरूज नेत होते. सुट्टीत घरी आजीलाही देऊन आले."

साहेब म्हणाले, "अंगावर खाज असताना तुम्ही आजीला भेटायला गेलातच कशा?"

मी म्हटलं, "मला फाटकावर कुणी अडवलं नाही."

तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या पहारेकरणीने (तीच, जर्दाळूवाली) हातमोजे काढले. या उकाड्यात ती हातमोजे का घालते, असं मला रोज वाटायचं. तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. साहेब त्या हातांकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच मनगटावरचं घड्याळ काढलं. पट्ट्याखाली तेच. "घरी लहान मुलं आहेत माझी," ते पुटपुटले.

पहारेकरणीने अगदी गंभीरपणे विचारलं, "साहेब, मग नियमाप्रमाणे आज घरी जायचं नाही का? माझी बस आहे."

आजी, ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच बस पकडायची होती. पण तिच्या त्या एका प्रश्नाने जे केलं, ते माझ्या सगळ्या तक्त्यांनी केलं नसतं. दुसऱ्या दिवशी साहेबांपासून स्वयंपाक्यापर्यंत आणि दोन्ही बराकींत, सगळ्यांनी एकदम मलम लावलं. नियमही बदलला. आता मलम लावून रात्र उलटली की भेट, आणि खाज सांगितली म्हणून कुणाची भेट जाणार नाही. आता मोजणी पुन्हा सुरू. या वेळी पहिलं नाव माझं. अहवालात चूक आमची म्हणूनच लिहिलीय, म्हणजे पुढच्या ठिकाणी कुणी तीच करणार नाही. येत्या रविवारी खिडकीवाल्या आजीची नात येतेय.

आता तिचं. तू सांगितल्याप्रमाणे मी आधी माफी मागितली. माझे हात दाखवले. म्हटलं, माझ्यामुळे झालं आणि मी तुमच्यावर संशय घेतला. तिने माझा हात हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि हसली. म्हणाली, "मला कधीचं माहीत होतं. तू खाटेवर बसलीस की बोटं खाजवायचीस."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत? मी तुम्हाला तसं विचारलं तेव्हा तरी?"

ती म्हणाली, "तू सारखी तुझ्या आजीचं सांगायचीस. मी बोलले असते, तर तुझीही भेट बंद झाली असती ना."

मला पुढे काही लिहिता येत नाही.

तुझी भिंगरी


६ एप्रिल

भिंगरे,

घड्याळजींनी ती शेवटची ओळ वाचली आणि डोळ्याला लावलेलं भिंग तसंच ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, वाचा की पुढे. ते म्हणाले, पुढे काही नाही. मी म्हटलं, मग तेच पुन्हा वाचा. गाणंबाई दाराशी होती. तिलाही आज सूर लागला नाही.

मी तिला काय काय म्हटलं होतं, ते तू तिला सांगू नकोस. बिनदाताचं हसणं वगैरे. ते घड्याळजींनी चुकून लिहिलं असणार. (मान्य. — लिहिणारा)

इतके दिवस मी म्हणत होते, ती माझी नात पळवतेय. ती तर माझी भेट राखून बसली होती, स्वतःची गेली तरी. असं माणूस आमच्या जिन्यात एकही नाही. माझ्यासकट. गाणंबाई म्हणते, तिच्यासकट नाही, पण ते सोड.

आता नीट ऐक. हे तातडीच्या टपालाने येतंय, रविवारच्या आत पोचेल. बाजारात जा आणि जर्दाळू घे, बारके नकोत, चांगले गरभरलेले. तीन पुड्या कर. एक लहान पुडी पहारेकरणीला आधीच दे, म्हणजे तपासणी तिथेच संपेल. दुसरी मोठी, ती खिडकीवालीच्या नातीच्या हातात फाटकाबाहेर दे. घरच्या माणसाने आणलं की आत जातं म्हणालीस ना. त्यातल्या सगळ्या बिया तू स्वतः काढ, एकही राहता कामा नये, आणि जर्दाळू रात्रभर पाण्यात भिजवून मऊ कर, तिला दात नाहीत.

तिसरी पुडी मला पाठव. बियांसकट. मला आहेत.